धूळ खात पडलेले डिझेल इंजिन पुन्हा कामाला लावताना



एप्रिल-मे महिना उजाडला की आमच्या गट ऑफिसात येणाऱ्या दहा शेतकऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडी एकच बोलणे असते. "विहिरीत पाणी आहे, पण खांबावर लाइट नाही." कुठे डीपी जळालेली असते, कुठे आठवडाभर रात्रीचीच पाळी असते. इकडे मोठी बांधणी होऊन ऊस कांड्यावर आलेला असतो, आणि ह्याच दिवसांत पाण्याची एक पाळी लांबली तर कांडी आखूड पडते. ती कांडी पुढे पाऊस कितीही पडला तरी लांब होत नाही. वजनकाट्यावर ती खोट दिसतेच.

२०२४ साली शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आणली, गावोगाव सौर पंपही दिसू लागले. चांगली गोष्ट आहे. पण बिल माफ झाले तरी डीपी जळायची ती जळतेच. अशा वेळी शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेल्या वडिलांच्या वेळच्या इंजिनाची आठवण होते. मग घाईघाईने पोते काढायचे, हँडल मारायचे, दहा जणांनी दमायचे, आणि शेवटी मेस्त्रीला फोन करायचा. मेस्त्री येतो, इंजिन खोलतो, सामानाची चिठ्ठी हातात देतो. ऊस बिलाचा हप्ता असा चिठ्ठीत जातो, आणि पुष्कळदा मूळ दोष भलताच असतो.

ह्या लेखात आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. जुन्या इंजिनाचा दोष शोधताना स्वस्तातून महागाकडे जावे, बाहेरून आत जावे. पाना हातात घेण्याआधी डोळे, कान आणि हात वापरावेत.

आमचीच फजिती

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक वापरलेले इंजिन विकत घेतले. कमी फेऱ्यांचे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे, दोन मोठ्या चाकांचे. घरी आणून बसवले, पहिल्या दणक्यात चालू झाले. वीस मिनिटे झकास पाणी ओढले, मग भुकभुक करून बंद पडले. अर्ध्या तासाने हँडल मारले की पुन्हा चालू, पुन्हा वीस मिनिटांनी बंद.

मेस्त्री म्हणाला, नोझल गेले. नवे नोझल घातले. तेच रडगाणे. मग म्हणाला, पंपाचा प्लंजर झिजला. तोही बदलला. शेवटी हेड उतरवून रिंगा घालायचे ठरले. हेडचे नट सोडायला पाना लावला, तेवढ्यात आमच्या पाणक्याने सहज डिझेल टाकीचे झाकण फिरवले. 'सूं' करून हवा आत शिरली. आम्ही सगळे त्या झाकणाकडे बघत राहिलो. मूळ झाकण हरवले होते, म्हणून विकणाऱ्याने प्लास्टिकच्या कॅनचे घट्ट झाकण फिरवून बसवले होते. त्याला हवेचे भोकच नव्हते. डिझेल खाली जाई तशी टाकीत पोकळी होई आणि डिझेल उतरायचे थांबे. अर्ध्या तासात कुठून तरी थोडी हवा शिरे, की इंजिन पुन्हा वीस मिनिटांपुरते जिवंत.

एक खिळा तापवून झाकणाला भोक पाडले. ते इंजिन आजही चालते. काढलेले जुने नोझल आणि प्लंजर आम्ही फडताळात जपून ठेवले आहेत, दोन्ही चांगले आहेत!

इंजिनाला लागते तरी काय?

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी असते, डिझेल इंजिनात ती नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन पंधरा ते अठरा पट दाबतो. दाबली की ती तापते, इतकी की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि तो आपोआप पेटतो. म्हणजे इंजिनाच्या गरजा तीनच. एक, स्वच्छ डिझेल आणि त्याचा नीट फवारा. दोन, स्वच्छ हवा आणि तिचा पुरता दाब, ज्याला आपण कॉम्प्रेशन म्हणतो. तीन, फवारा नेमक्या वेळी पडणे, म्हणजे टायमिंग. ह्यातले टायमिंग कुणी खोलाखोल केल्याशिवाय सहसा हलत नाही. तेव्हा त्याला शेवटपर्यंत हात लावू नये. पहिल्या दोन गोष्टी मात्र आपल्या आपण तपासता येतात.

पहिला दिवस : हँडल मारायचे नाही

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन शेडमध्ये गेल्या गेल्या फिरवू नका.

आधी धुराड्यात आणि हवेच्या फिल्टरात बघा. धुराड्यात कुंभारमाशीची माती, फिल्टरात उंदराचे घर हे हमखास असते. तेलावर चालणारा फिल्टर असेल तर त्याची वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घाला.

मग खालचे जुने ऑइल काढा. काळे असले तर नवल नाही. पण ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी आत उतरले आहे, आणि ते कुठून उतरले हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑइल चांगले असेल तरी बदलाच. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचे भरा आणि वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. जास्त ऑइल हे कमी ऑइलाइतकेच घातक असते.

आता हवेच्या तोंडातून, इनलेट व्हॉल्व उघडा असताना, दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आत सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी डिकॉम्प्रेशनचा खटका उघडून मोठे चाक हाताने सावकाश फिरवा. फिरले तर उत्तम. नाही फिरले तर पिस्टन धरला आहे. आणखी थोडे ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा, दोन-चार दिवस जाऊ द्या, रोज चाक पुढे-मागे हलवून पाहा. ट्रॅक्टरला पट्टा लावून ओढणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. रिंग मोडून लायनर ओरखडला की शंभराचे काम हजारांवर जाते.

चाक मोकळे झाल्यावर खटका उघडाच ठेवून वीस-पंचवीस फेरे द्या, म्हणजे वर साठलेले जादा ऑइल बाहेर जाईल. ते तसेच राहिले तर सुरू होताना इंजिन त्याच ऑइलवर भडकते.

डिझेलची वाट : टाकीपासून नोझलपर्यंत

टाकीतले जुने डिझेल पूर्ण काढा. तळाशी पाणी, गंज आणि शेवाळासारखा चिकट गाळ असतो. टाकी उतरवून नव्या डिझेलने खळखळून धुवा. झाकणाचे भोक बघा, हे आता वेगळे सांगायला नको. फिल्टरची बत्ती नवी घाला, ती स्वस्त असते. नळीला चीर असेल तर नळीही बदला. चिरेतून डिझेल गळतेच असे नाही. पुष्कळदा डिझेल न गळता हवा आत शिरते, आणि मग आपण म्हणतो, "इंजिनानं एअर धरलीय."

एअर काढायचा क्रम टाकीकडून नोझलकडे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, फेस येईल. फेस थांबून सलग डिझेल आले की घट्ट करा. मग पंपावरचा स्क्रू, तसेच. शेवटी नोझलकडच्या नळीचा नट ढिला करून हँडलने फेरे द्या. इथेही बुडबुडे थांबले की नट आवळा. आता खटका उघडा ठेवून फेरे दिले की प्रत्येक फवाऱ्याला नोझलचा 'कर्र' असा कोरडा आवाज आला पाहिजे. जुने मेस्त्री ह्या आवाजावरच निम्मे निदान करतात. आवाज नाही आला, तर डिझेल पोचत नाही किंवा नोझल अडकले आहे.

मग नोझल काढून, तोंड बाहेर करून, त्याच नळीला जोडा आणि फेरे द्या. फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे. धार पडली किंवा टोकाला थेंब लोंबकळला तर नोझल पंपाच्या दुकानात तपासून घ्या. परत बसवताना जुना तांब्याचा वायसर आत राहिलेला नाही ना, हे बघा.

इथे एक गंभीर सूचना. फवाऱ्यापुढे बोट, तळहात कधीही धरू नका. तिथे दाब दर चौरस सेंटीमीटरला शंभर-दोनशे किलो असतो. डिझेल कातडी भेदून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही, पण आत मांस सडू लागते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'डिझेल आत शिरले' असे स्पष्ट सांगा. फवारा तपासताना जवळपास विडी-काडीही नको.

दाबाची परीक्षा : कान लावा

डिझेल ठीक असूनही इंजिन पेटत नसेल तर कॉम्प्रेशन बघायचे. त्यासाठी यंत्र लागत नाही. डिझेल बंद करा, खटका बंद करा आणि मोठे चाक हाताने दाबाच्या टप्प्यापर्यंत आणून रेटा. चांगल्या इंजिनाचे चाक रबरी चेंडूवर आपटल्यासारखे उसळून मागे येते. दाब नसेल तर ते 'फुस्स' करून पुढे सरकते. आता ती 'फुस्स' कुठून येते तिकडे कान लावा.

हवेच्या फिल्टराकडून आली, तर इनलेट व्हॉल्व बसत नाही. धुराड्यातून आली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व. ऑइल भरायच्या तोंडातून आली, तर हवा रिंगांवरून खाली उतरते आहे. थंड पाण्याच्या जागेत बुडबुडे दिसले, तर गॅस्केट फुटले किंवा हेडला चीर आहे. हेड न उतरवता चार रोगांतला कुठला, ते पाच मिनिटांत कळते.

रिंगांचा संशय असेल तर आणखी एक परीक्षा. दोन चमचे ऑइल वर सोडून पुन्हा चाक रेटा. दाब सुधारला तर रिंगा-लायनर झिजले आहेत. काहीच फरक नाही, तर दोष व्हॉल्वचा. आणि व्हॉल्व काढण्याआधी टॅपेटची फट बघा. फट अजिबात नसेल तर व्हॉल्व किंचित उघडाच राहतो आणि चांगला व्हॉल्वही फुस्स करतो. फट किती ठेवायची तो आकडा मेकप्रमाणे वेगळा असतो, कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवा.

व्हॉल्व घासून बसवायचे असतील तर काम झाल्यावर पेस्ट डिझेलने पूर्ण धुवा. राहिलेला कण लायनर खातो. हेड बसवताना जुन्या गॅस्केटच्या जाडीचेच नवे घाला, आणि नट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

सुट्या भागांविषयी एक गोष्ट. ही दोन चाकांची कमी फेऱ्यांची इंजिने मुळात इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या घडणीची. आपल्याकडे राजकोटच्या अनेक कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिने बनवली. दिसायला सगळी सारखी, पण मापात फरक पडतो. म्हणून नुसते नाव सांगून सामान आणू नका. जुना भाग फडक्यात गुंडाळून दुकानात न्या आणि मापाला माप लावूनच नवा घ्या.

चालू करताना

पहिल्या वेळी दोन माणसे असावीत. पंपाच्या डिझेल रॅकला बोटाने हलवून पाहा, ती सहज पुढे-मागे झाली पाहिजे. बंद इंजिनात ही रॅक गंजून भरडिझेलवर अडकते आणि चालू होताच इंजिन सुसाट सुटते. म्हणून हवेच्या तोंडापेक्षा मोठी फळी हाताशी ठेवा. इंजिन आवरेना झाले तर डिझेल तोडा आणि फळीने हवेचे तोंड दाबा. हात किंवा फडके लावू नका, ते आत ओढले जाते.

हँडल मारताना अंगठा मुठीभोवती गुंडाळू नका, बोटांच्या बाजूलाच ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो, मनगट वाचते. हँडल बसते तो शाफ्ट साफ करून थोडे ऑइल लावा. हँडल झिजलेले असेल तर वापरू नका. ते फिरत्या शाफ्टवर अडकून राहिले, तर पकडायला जाऊ नका, बाजूला होऊन डिझेल बंद करा. उपरणे, टॉवेल, पदर, लोंबती बाही पट्ट्याजवळ नको.

आणि सर्वांत महत्त्वाचे. विहिरीच्या टप्प्यावर बसवलेले इंजिन चालू असताना, किंवा नुकतेच बंद केलेले असताना, विहिरीत उतरू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. एकजण बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा. एकाच घरातली माणसे अशी गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. इंजिन वर काढता येत नसेल तर धुराड्याची नळी विहिरीच्या काठावर, वाऱ्याच्या बाजूने लांब न्या. तरीही आत माणूस असताना इंजिन बंदच असू द्या. बंद शेडमध्येही तोच नियम.

चालू झाल्यावर धूर वाचा

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. फिल्टर बघा, नोझल बघा, पंप इंजिनाला झेपतो का ते बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येते आहे किंवा त्यात पाणी आहे. इंजिन तापल्यावर आणि भार घेतल्यावर धूर जवळजवळ दिसेनासा झाला पाहिजे.

थंड पाण्याबाबत आपल्याकडे उलटी समजूत आहे. पंपाच्या डिलिव्हरीतून नळी काढून कॉक पूर्ण सोडतात, म्हणजे 'इंजिन गार राहतं'. गार इंजिन लवकर झिजते, हे लक्षात घ्या. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी चांगले गरम असावे. हात घातला तर क्षणभरच ठेवता यावा इतके, म्हणजे साधारण ६० अंश. कॉक तेवढाच उघडा ठेवा. पण पाणी बंद राहून इंजिन फार तापले असेल तर लगेच गार पाणी सोडू नका, हेड तडकते. बंद करून आपोआप निवू द्या. आणि बंद करताना डिझेल तोडून बंद करा, खटका उघडून नव्हे.

डिझेलचा हिशेब ठेवा

पाच अश्वशक्तीचे धडधाकट इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल घेते. एक एकराला तीन इंच पाणी द्यायचे म्हणजे सुमारे तीन लाख लिटर पाणी. पंप सेकंदाला दहा लिटर देत असेल तर ह्याला आठ-साडेआठ तास, आणि डिझेल दहा लिटर. आता आपले इंजिन तपासा. टाकी काठोकाठ भरा, एक तास पाणी ओढा, पुन्हा मापाने काठोकाठ भरा. पावणेदोन लिटर लागले, तर एकराच्या एका पाळीला चार लिटर डिझेल धुराड्यातून जाते आहे.

पण इंजिनाला दोष देण्याआधी पंप बघा. पट्टा घसरतो का? फूटव्हॉल्व गळतो का? सक्शनच्या जोडातून हवा घेते का? पंपाचा दोष इंजिनाच्या माथी मारण्याची आपली जुनीच सवय आहे.

केव्हा सोडून द्यावे, आणि विकत घेताना काय बघावे

बॉडीला चीर असेल, क्रँकमधून ठोका ऐकू येत असेल, लायनर-पिस्टन आणि क्रँक दोन्ही गेले असतील, तर मोह सोडा. अशा इंजिनावर खर्च करण्यापेक्षा ते भंगारात देऊन दुसरे पाहिलेले परवडते.

वापरलेले इंजिन घ्यायला जाल तेव्हा आधी सिलिंडरला हात लावा. गरम लागले तर विकणाऱ्याने ते आपण येण्यापूर्वी चालवून ठेवले आहे. चहा घ्या, गप्पा मारा, इंजिन पूर्ण निवू द्या आणि मग स्वतः हँडल मारा. थंड इंजिन खोटे बोलत नाही. चाकाची उसळी, 'कर्र' आवाज, ऑइलचा रंग आणि धूर, हे चार बघूनच पैसे मोजा. टाकीचे झाकणही बघा!

थोडक्यात

१. आधी धुराडे, फिल्टर, टाकी, झाकण, नळी. मग एअर. मग नोझल. मग कॉम्प्रेशन. हेड सर्वांत शेवटी.

२. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि इंजिन चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरे झाले ते कधीच कळत नाही.

३. काढलेला जुना भाग मेस्त्रीकडून मागून घ्या.

४. दुरुस्त झालेले इंजिन महिन्यातून एकदा अर्धा तास तरी पाण्यावर चालवा. टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत पाणी धरणार नाही. धुराड्यावर डबा पालथा घाला.

५. हे सगळे फेब्रुवारीत करा. एप्रिलमध्ये मेस्त्री मिळत नाही आणि ऊस थांबत नाही.

आपल्या इंजिनाची काही अडचण असल्यास गट ऑफिसात येऊन सांगावी. येताना इंजिनाचा मेक, अश्वशक्ती आणि फेरे पाटीवरून लिहून आणावेत, आणि 'फुस्स' कुठून येते तेवढे ऐकून यावे. बाकीचे आपण बसून बघू.